बडोद्यात बसून आइस हॉकीची प्लेऑफ मॅच कशी बघायची: पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

आपल्या बडोद्यात आता अशी गल्ली सापडणं अवघड आहे जिथलं कुणी कॅनडात गेलेलं नाही. दांडिया बाजार घ्या नाहीतर मांजलपूर, कुणाचा भाचा विनिपेगला, कुणाची मुलगी टोरंटोला. मग एप्रिल आला की फॅमिली ग्रुपवर तिकडची मंडळी जेट्स, लीफ्स, ऑइलर्स असं काहीतरी (ही तिकडच्या आइस हॉकी टीमची नावं) लिहायला लागतात, आपण उत्सुकतेने एखादी मॅच लावतो, पाच मिनिटं काळी टिकली कुठे गेली ते शोधतो, तीनदा शिट्टी वाजते ती का वाजली कळत नाही आणि बंद करून टाकतो. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांचं असंच झालंय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण स्टॅन्ली कप प्लेऑफमधली, म्हणजे सिझनच्या शेवटी कपसाठी होणाऱ्या बाद फेरीतली, अटीतटीची मॅच हा बघण्याजोग्या खेळांतला सगळ्यात जीव टांगणीला लावणारा प्रकार आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ते टेन्शन कुठून येतं हे आधी माहीत पाहिजे, मग खेळ आपोआप कळत जातो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

१. सगळ्यात आधी वेळेचं गणित

एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची सगळ्यात मोठी लीग. तिची रेग्युलर सिझन २०२५-२६ पर्यंत ८२ मॅचची होती, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. मग १६ टीमची प्लेऑफ सुरू होते, ती जूनपर्यंत चालते. तिकडे संध्याकाळी ७ ची मॅच म्हणजे टोरंटो, मॉन्ट्रियल, न्यूयॉर्कच्या घड्याळाने ७, आणि आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४:३०. प्लेऑफच्या महिन्यांत त्या भागात ९:३० तास मिळवायचे. विनिपेग, डॅलसच्या वेळेत १०:३०, एडमंटनच्या वेळेत ११:३०, लॉस एंजेलिस-व्हँकुव्हरच्या वेळेत १२:३०. म्हणजे पश्चिमेकडच्या टीमची मॅच आपल्याला सकाळी ७-७:३० ला मिळते, चहा घेत आरामात बघता येते. नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी असं मी सांगेन.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे तारीख. वेळापत्रकात ४ मे संध्याकाळ लिहिलं असेल तर आपल्याकडे ती ५ मे ची पहाट असते, आणि लोक ४ ला पहाटे उठून रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसतात. दुसरं म्हणजे तिकडे मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढे करतात, त्यामुळे हिवाळ्यात कुणी तुम्हाला १०:३० तासांचा फरक सांगितला असेल तर एप्रिलमध्ये तो ९:३० झालेला असतो. शनिवार-रविवारी तिकडे दुपारी पण मॅच असते, ती आपल्याकडे रात्री साडेबारा-एकला सुरू होते, झोपायच्या आधी बघता येते, त्यावर लक्ष ठेवा.

आणि हो, हे सगळं आयपीएलच्या दिवसांतच येतं. रात्री साडेअकराला आयपीएल संपवून पहाटे सव्वाचारला उठणं रोज जमत नाही. ज्या रात्रीनंतर मॅच असेल त्या रात्री क्रिकेट अर्ध्यात सोडा आणि दहाला झोपा. हार्दिक-कृणालच्या गावात हे सांगणं अवघड आहे, पण सांगतोय.

२. काय काय तयार ठेवायचं

- लॅपटॉप आणि टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल. मोबाइलवर ही मॅच बघू नका, पक (ती काळी टिकली) दिसतच नाही. जेवढी मोठी स्क्रीन तेवढं बरं.
- घरचं वायफाय, शिवाय मोबाइल डेटा भरलेला. राउटरला छोटा यूपीएस असेल तर उत्तम, मे महिन्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.
- इअरफोन, लांब वायरचा किंवा चार्ज केलेला ब्लूटूथ.
- सिरीजचं वेळापत्रक, आपल्या वेळेत लिहून घेतलेलं. कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा, म्हणजे घरच्यांनाही कळतं की त्या पहाटे दिवा का लागणार आहे.
- थर्मासमध्ये चहा, डब्यात लीलो चिवडा किंवा भाकरवडी. पहाटे स्वयंपाकघरात भांडी वाजवायची नसतात.
- दोन अलार्म.

३. कुठे बघायचं आणि पैसे कसे भरायचे

भारतात दाखवायचे हक्क सिझनप्रमाणे बदलतात, म्हणून मागच्या वर्षी कुणी सांगितलेल्या अॅपवर विसंबू नका. एप्रिलच्या सुरुवातीला एनएचएलच्या अधिकृत वेबसाइटवर जाऊन भारतासाठी काय पर्याय आहे ते बघा. परदेशी सेवेचे पैसे भरायचे असतील तर आधी बँकेच्या अॅपमध्ये जाऊन कार्डवर इंटरनॅशनल ऑनलाइन व्यवहार सुरू करा, आपल्याकडे बऱ्याच कार्डांवर ते बंदच असतं आणि पहाटे ४:२० ला पेमेंट फेल झालं की मग धावपळ होते. पैसे आदल्या दिवशीच भरून एखादी जुनी मॅच लावून बघा. जूनमध्ये फायनल संपली की ऑटो-रिन्युअल बंद करायचं, नाहीतर पावसाळाभर काहीच न बघता पैसे कापले जातात.

फुकट लाइव्ह म्हणून ज्या लिंक फिरतात त्यांच्या नादी लागू नका. कार्ड नंबर मागतात, भलतंच काहीतरी डाउनलोड होतं आणि नेमकं ओव्हरटाइममध्ये बंद पडतं. पैसे खर्च करायचेच नसतील तर एनएचएलच्या यूट्यूब चॅनलवर दुसऱ्या दिवशी हायलाइट्स येतात, शिकायला ते पुरेसे आहेत, टेन्शन मात्र त्यात मिळत नाही.

४. टीम आधी निवडा, मॅच नंतर

तटस्थ राहून प्लेऑफ बघता येत नाही. म्हणजे येते, पण मग काही वाटत नाही. तुमचा माणूस ज्या शहरात राहतो ती टीम घ्या, हा सगळ्यात सोपा नियम. माझा मामेभाऊ विनिपेगला आहे म्हणून मी जेट्सचा. कॅनडाची कुठलीही टीम घेतलीत तर एक मोठं दुखणं सोबत येतं, ते आधीच माहीत असू द्या: १९९३ मध्ये मॉन्ट्रियलने कप जिंकला, त्यानंतर २०२५ पर्यंत कॅनडातल्या एकाही टीमला तो जिंकता आलेला नाही. हा खेळ ज्यांच्या रक्तात आहे त्या देशात तीस वर्षांहून जास्त कप आला नाही, त्यामुळे तिकडचा प्रत्येक माणूस प्लेऑफमध्ये एवढा हळवा का होतो ते समजतं. आणि कप तरी कसला, लॉर्ड स्टॅन्ली नावाच्या कॅनडाच्या गव्हर्नर जनरलने १८९२ मध्ये दिलेला, म्हणजे इकडे सयाजीराव महाराजांचं राज्य चालू होतं तेव्हाचा.

प्रत्येक सिरीज सात मॅचची, आधी चार जिंकणारा पुढे. असे चार राउंड. पहिल्या दोन मॅच ज्या टीमचं क्रमवारीतलं स्थान वर तिच्या घरी, पुढच्या दोन दुसरीच्या घरी, मग एकेक आलटून पालटून. नवीन असाल तर सिरीजमधली पहिली मॅच बघायला हरकत नाही पण खरी मजा पाचव्या मॅचपासून, तोपर्यंत दोन्ही टीम एकमेकांवर चिडलेल्या असतात, कोण कुणाला कुठे धडकला याचा हिशोब चालू असतो.

५. एवढे नियम पुरे

मैदानाला रिंक म्हणायचं, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. प्रत्येक बाजूला गोली (म्हणजे गोलकीपर) धरून सहा जण. २० मिनिटांचे तीन पिरियड. खेळाडू साधारण पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने पळतात आणि खेळ चालू असतानाच बदलतात, शिट्टीची वाट बघत नाहीत. सुरुवातीला याचाच गोंधळ होतो.

तीन गोष्टी नीट समजून घ्या.

ऑफसाइड: पक समोरच्या टीमच्या बाजूच्या निळ्या रेषेच्या आत जायच्या आधी आपला खेळाडू आत जाता कामा नये. बस.

आइसिंग: स्वतःच्या अर्ध्यातून पक थेट समोरच्या टोकाला भिरकावून दिला आणि मध्ये तो कुणालाच लागला नाही तर शिट्टी. पुन्हा तुमच्याच गोलीच्या समोर खेळ सुरू होतो, आणि ज्यांनी आइसिंग केलं त्यांना खेळाडू बदलता येत नाहीत. हे वाक्य पाठ करा. दमलेले, पाय जड झालेले पाच जण तिथेच अडकतात आणि समोरून ताजे पाच येतात. प्लेऑफमधले अर्धे गोल असल्याच क्षणातून जन्माला येतात असं बघताना वाटत राहतं, आइसिंगची शिट्टी वाजली की मी खुर्चीच्या काठावर येतो.

पॉवर प्ले: कुणी पाय अडकवला, स्टिक मारली, धरून ठेवलं की तो दोन मिनिटं बाहेर बसतो आणि त्याची टीम एक माणूस कमी घेऊन खेळते. समोरच्यांनी गोल केला तर तो लगेच परत येतो. स्वतःच्या भागातून पक थेट रिंकभोवतीच्या काचेवरून प्रेक्षकांत गेला तरी दोन मिनिटं, मुद्दाम असो वा नसो. शेवटच्या पाच मिनिटांत असं झालं तर सगळं स्टेडियम श्वास रोखून बसतं.

अंगावर जाऊन धडक देणं मात्र नियमात बसतं, ते बघून दचकू नका.

६. पककडे बघू नका

ऐकायला विचित्र वाटेल. पक तीन इंच व्यासाचा, एक इंच जाडीचा रबराचा तुकडा, मॅचच्या आधी गोठवलेला, म्हणजे उसळी कमी आणि वेग जास्त. डोळ्याने त्याचा पाठलाग केला तर दहा मिनिटांत डोकं दुखतं. खेळाडूंचे खांदे आणि स्टिकची दिशा बघा, सगळे जिकडे वळतायत तिकडे पक आहे असं समजा. एक-दोन मॅचमध्ये डोळा बसतो, मग पक दिसायला लागतो. गोल झाला की कसा झाला ते रिप्लेमध्ये बघायचं, तिकडचे लोक पण तेच करतात.

दुसरं, गोलीवर लक्ष ठेवा. प्लेऑफमध्ये एक गोली पेटला की अख्खी सिरीज एकटा ओढून नेतो. २०२० मध्ये कोलंबसच्या योनास कोर्पिसालोने टॅम्पाविरुद्ध एका मॅचमध्ये ८५ शॉट अडवले आणि तरी पाचव्या ओव्हरटाइममध्ये त्याची टीम हरली. एवढं करून हरणं म्हणजे काय असेल याचा विचार करून मला आजही त्या माणसाबद्दल कसंतरी होतं.

७. तिसरा पिरियड: इथे उठायचं नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची टीम मागे असेल आणि दोन-तीन मिनिटं उरली असतील तर कोच गोलीला बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी सहावा हल्लेखोर पाठवतो. आता तुमचा गोल रिकामा आहे. समोरच्याने लांबून नुसता पक सरकवला तरी गोल. पण तुमच्याकडे सहा विरुद्ध पाच आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटतं, पण हरणाऱ्या टीमला एकाने हरलं काय आणि दोनने हरलं काय, सारखंच.

२०२५ ची पहिल्या राउंडची सातवी मॅच घ्या, विनिपेग विरुद्ध सेंट लुइस. त्या सिरीजमध्ये आधीच्या सहाही मॅच ज्याच्या घरी त्यानेच जिंकल्या होत्या. विनिपेग त्या सिझनची सगळ्यात जास्त पॉइंटची टीम, घरचं मैदान, पांढरे कपडे घालून आलेले सगळे प्रेक्षक, आणि दोन मिनिटं उरलेली असताना स्कोअर १-३. हरले की सिझन संपला. गोली हेलबक बाहेर आला. दोनला काही सेकंद कमी असताना नामेस्तनिकोव्हने एक गोल काढला, २-३. मग पुन्हा गोल रिकामा, घड्याळ पळतंय, मी इथे अंधारात इअरफोन दाबून धरून उभा, आणि अगदी शेवटचे तीन सेकंद राहिले असताना कोल पर्फेटीच्या स्टिकवरून पक आत गेला. ३-३. मला ओरडता येत नव्हतं, आतल्या खोलीत आजी झोपली होती, मी नुसता भिंतीला धरून राहिलो. मग दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये कॅप्टन अॅडम लाउरीने गोल केला आणि मॅच संपली, तोवर आपल्याकडे सोमवारची सकाळ होऊन लोकांची ऑफिसला जायची तयारी चालू होती.

हे सांगायचं कारण एवढंच की दोन गोलने मागे म्हणून टीव्ही बंद करून झोपायला जाऊ नका. सहा विरुद्ध पाच चालू असताना काय बघायचं ते लिहून ठेवा: फेस-ऑफ (दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करतात तो) कोण जिंकतो, पक निळ्या रेषेच्या आत राहतो का, आणि गोलीच्या समोर उभं राहून त्याला काही दिसू न देणारा खेळाडू कोण आहे. शेवटच्या मिनिटात घड्याळ स्क्रीनवर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत दिसतं, त्याकडे सारखं बघितलं तर छाती धडधडते, पण न बघता राहवत नाही हेही खरं.

गोल झाल्या झाल्या नाचू नका, व्हिडिओ रिव्ह्यू असतो. ऑफसाइड होता म्हणून कोच चॅलेंज करू शकतो, आणि चॅलेंज चुकलं तर त्याच्याच टीमला दोन मिनिटांची पेनल्टी. ती दोन-तीन मिनिटं रेफ्री हेडफोन लावून उभा असतो तेव्हा दोन्हीकडचे लोक देव आठवतात.

८. ओव्हरटाइम

रेग्युलर सिझनमध्ये बरोबरी झाली की गोली सोडून तीन-तीन जणांची पाच मिनिटं आणि मग शूटआउट. प्लेऑफमध्ये तसलं काही नाही. पूर्ण २० मिनिटांचा पिरियड, पाच-पाच जण, पहिला गोल झाला की मॅच खलास. नाही झाला तर ब्रेक आणि पुन्हा २० मिनिटं. गोल होईपर्यंत. सुपर ओव्हरमध्ये निदान समोरच्याला सहा चेंडू मिळतात, इथे उत्तर द्यायची संधीच नाही. १९३६ मध्ये डेट्रॉइट आणि मॉन्ट्रियल मरून्सची मॅच सहाव्या ओव्हरटाइमपर्यंत गेली होती आणि १-० ने संपली, तो विक्रम अजून टिकून आहे. २०२३ मध्ये फ्लोरिडा-कॅरोलायना चौथ्या ओव्हरटाइममध्ये गेली, पाचवा सुरू व्हायला तेरा सेकंद पण नव्हते तेव्हा फ्लोरिडाच्या कचुकने गोल केला.

एक बारीक गोष्ट जी मला उशिरा लक्षात आली आणि कुणी सांगत नाही: पहिल्या ओव्हरटाइममध्ये टीमची बाकं बचावाच्या बाजूपासून लांब पडतात. त्यामुळे अडकलेल्या खेळाडूंना बदलून यायला जास्त अंतर कापावं लागतं आणि दमलेले लोक आत अडकतात. म्हणून पहिल्या ओव्हरटाइममध्ये लांब चालणारा हल्ला फार धोक्याचा.

व्यवहाराचं सांगतो. साधी मॅच अडीच-पावणेतीन तास चालते. ४:३० ची मॅच सव्वासातपर्यंत. एक ओव्हरटाइम म्हणजे आणखी तासभर धरा. त्या दिवशी सकाळी ९ ची मीटिंग ठेवू नका, नळाला पाणी यायची वेळ असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा, मोटर लावायला पिरियडच्या मधला ब्रेक बरा पडतो. आणि रात्रभर जागून झालं असेल तर गाडी घेऊन लगेच निघू नका, थोडं पडा.

९. व्हॉट्सअॅप आणि घरची मंडळी

स्ट्रीमिंग तिकडच्या टीव्हीपेक्षा अर्धा-पाऊण मिनिट तरी मागे असतं. म्हणजे ओव्हरटाइममध्ये तुम्ही श्वास रोखून बसलेले असता आणि फोनवर मामेभावाचा "गोल!!!!" येतो, तुमच्या स्क्रीनवर अजून फेस-ऑफ पण झालेला नसतो. सगळा खेळ वाया. मॅच सुरू व्हायच्या आधी नोटिफिकेशन बंद, फोन उलटा. अॅपमध्ये स्कोअर लपवण्याचं सेटिंग असतं ते पण लावा. उशिरा उठून रेकॉर्डिंग बघणार असाल तर यूट्यूब उघडू नका, नुसत्या फोटोवरून निकाल कळतो.

घरच्यांना मात्र एकदा तरी सोबत बसवा, सकाळी ७:३० ची मॅच असेल तर. आईला मी पॉवर प्ले समजावला तर तिने दुसऱ्याच पिरियडमध्ये विचारलं, "अरे, त्या पोराला बाहेर बसवलंय ते कधी सुटणार?" एवढं कळलं की झालं, पुढचं सगळं त्यावरच चालतं. आणि कुणी म्हणालं की बर्फावरच्या खेळाशी आपला काय संबंध तर लडाखच्या मुलींचं सांगा, २०२५ मध्ये भारताच्या महिला आइस हॉकी टीमने आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं, आणि त्या टीममध्ये बहुतेक सगळ्या तिकडच्याच.

१०. मॅच संपल्यावर

सिरीजची शेवटची मॅच असेल तर लगेच बंद करू नका. दोन्ही टीम रांगेत उभ्या राहून एकेकाचा हात हातात घेतात, दोन आठवडे एकमेकांना काचेवर आपटलेले लोक थांबून दोन शब्द बोलतात. वाढलेल्या दाढ्या दिसतील, टीम हरेपर्यंत दाढी करायची नाही ही तिथली रीत आहे.

हरलात तर त्रास होतो, होऊ द्या. विनिपेगने ती सातवी मॅच जिंकली आणि पुढच्याच राउंडमध्ये डॅलसकडून हरले, मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. सिरीजमध्ये ०-३ ने मागे पडलेली टीम पण सोडून देऊ नका, असं मागे पडून सिरीज जिंकल्याचं एनएचएलमध्ये चार वेळा झालंय, १९४२, १९७५, २०१० आणि २०१४ मध्ये, आणि २०२४ च्या फायनलमध्ये एडमंटन ०-३ वरून ३-३ पर्यंत येऊन सातवी मॅच एका गोलने हरलं.

जिंकलात तर पुढच्या राउंडचं वेळापत्रक लगेच येत नाही, बाकीच्या सिरीज संपायची वाट बघावी लागते, कधी दुसऱ्या दिवशी रात्री कळतं. समोरची टीम दुसऱ्या टाइम झोनमधली असेल तर तुमची ४:३० ची मॅच ७ ची होते किंवा उलटं. म्हणून फ्रिजवरचा जुना कागद काढून टाका, नवीन वेळा आल्या की तारीख एक दिवस पुढे करून पुन्हा लिहा, आणि अलार्म बदला.